हाताचे बळ आणि हाताचा मेळ

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेव्हापासून या गावाची भाकरी हाताच्या चलाखीवर भाजली गेली आहे. तुटलेला धागा सांधायला बळ फारसे लागत नाही. डोळा, बोट आणि पाय यांची एकजूट लागते. ती मोडली की धडधाकट दिसणारा माणूस चालताना झोकांड्या खातो, बोलताना अडखळतो. लोक एकच निदान करतात : दारू! रोजीबरोबर अब्रूही जाते.

शास्त्राचे निदान निराळे आहे. अशा अनेकांच्या स्नायूंत बळ असते, पण त्यांचा मेळ राखणारा लहान मेंदू झिजत असतो. तोल बिघडवणारा एक विकार भावंडांत आढळतो, हे हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ साली नोंदवले. आपल्याकडची मोठी कामगिरी झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, गोरगरिबांच्या सरकारी दवाखान्यात. तेथे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ साली मज्जाविकारांचा विभाग उभारला. १९७१ साली त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत छापली. या रुग्णांचा तोल तर जाईच. शिवाय त्यांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन उडी न घेता सावकाश सरकत जाई. या खुणेवरून हा विकार वेगळा असल्याचे त्यांनी ओळखले. पुढे १९९६ साली त्याचे मूळ बाराव्या गुणसूत्रावर सापडले. आईबापांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याचा संभव निम्मा. यात ना कोणाचे पाप, ना कोणाची करणी. मुळावर उपाय अद्याप नाही. व्यायामाने हालचाल काही काळ टिकवता येते.

मग कामगार चळवळीचा याच्याशी संबंध काय? औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली छाटणीची व्याख्या आली, तीतून सततच्या आजारपणामुळे कमी केलेला कामगार वगळला गेला. त्यामुळे त्या कायद्याखाली छाटणीची भरपाईही त्याला नव्हती. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने जुनाट मज्जाविकार मान्य केले, नोकरीत अपंगत्व आलेल्याला काढू नये असेही म्हटले. पण हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतेच. मागावर उभा असलेला माणूस बाहेरच राहिला.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. झोकांडी दिसली की कामगाराला आरोपपत्र देण्याआधी डॉक्टराकडे न्या. आणि हाताचा मेळ सुटलाच असेल, तर त्याला झेपेल असे दुसरे काम द्या. त्याच हातांनी तुमचे माग इतकी वर्षे चालवले आहेत.