सेलमच्या यादीबाहेर राहिलेली नावे

1700 सालच्या जून महिन्यात अँडोव्हर गावच्या ॲबिगेल फॉकनरने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे एक अर्ज केला. सेलमच्या चेटूक-खटल्यांत 1692 साली तिला फाशीची शिक्षा झाली होती. ती पोटुशी होती म्हणून अंमलबजावणी थांबली आणि पुढे माफी मिळून ती सुटली. जीव वाचल्यावर आणखी काय मागायचे होते? या माफीने मला जगू दिले, पण सरकारी दप्तरात मी अजूनही घोर अपराधाची शाबीत गुन्हेगार आहे, अशी तिची तक्रार होती. इंग्रजी कायद्याची बारीक फट तिला नेमकी कळली होती. माफी शिक्षा उचलते, दोष जागेवर ठेवते. उलट दोषमुक्ती म्हणजे गुन्हा मुळात सिद्धच झाला नव्हता असे राज्याने कबूल करणे. हा फरक नुसता अब्रूचा नव्हता. देहान्ताची शिक्षा झालेला माणूस कायद्याच्या लेखी मेलेला धरला जाई. जॉन प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ हीसुद्धा गरोदर असल्यामुळेच वाचली. नवरा फासावर गेला, त्याच्या मृत्युपत्रात तिचे नाव नव्हते, आणि कायद्याने मेलेल्या बाईला विधवेचा वाटा मागण्याची सोय नव्हती. खाणारी-पिणारी, लेकरू सांभाळणारी ही बाई वर्षानुवर्षे कागदावर मृत राहिली.

सेलमचा इतिहास बहुतेक वेळा 1692 च्या उन्हाळ्यापाशी थांबतो. मला त्यानंतरची तीन शतके जास्त महत्त्वाची वाटतात, कारण राज्य आपला अन्याय कसा मिटवते हे त्यांत दिसते. माणसे निर्दोष होती हे मॅसॅच्युसेट्सला फार लवकर कळले. पण त्यांच्या माथ्यावरचा दोष उतरवताना, मग तो होता कुणाचा, या प्रश्नाला राज्याने दर वेळी बगल दिली. शिवाय दोष उतरला तो बहुतांशी त्यांचाच, ज्यांच्यामागे मागणारे कुणी होते.

खटल्यांची हकीकत थोडक्यात अशी. 1692 च्या आरंभी सेलम व्हिलेजचे पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुलींना विचित्र झटके येऊ लागले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे घेतली. मेअखेरीस गव्हर्नर विल्यम फिप्सने खास न्यायालय नेमले आणि विल्यम स्टोटनला मुख्य न्यायाधीश केले. आरोपीची छाया येऊन मला चावते, गळा दाबते, ही साक्ष या न्यायालयाने पुरावा म्हणून धरली. 10 जूनला ब्रिजेट बिशप फासावर गेली, आणि 22 सप्टेंबरपर्यंत एकूण 19 जणांना फाशी झाली. जाइल्स कोरीने खटला चालवून घ्यायला नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारले. निदान पाचजण तुरुंगात मेले. सगळ्यात भयंकर गोष्ट ही की चेटूक कबूल करणाऱ्याला सहसा जगू दिले जाई आणि नाकारणाऱ्याला फाशी होई. खोटे बोललात तर जीव वाचेल, असा तो सौदा होता. त्याला नकार देणारी माणसे मेली, आणि मरताना गुन्हेगार म्हणून मेली.

त्या काळी सगळेच असे मानत होते, आजच्या मापाने त्यांना मोजू नये, असा आक्षेप नेहमी येतो. तो त्या काळातल्याच कागदपत्रांपुढे टिकत नाही. ब्रिजेट बिशपच्या खटल्यानंतर नथॅनिएल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशाने न्यायालय सोडले. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनचा व्यापारी थॉमस ब्रॅटल याने या कामकाजाचे वाभाडे काढणारे पत्र लिहिले, आणि इन्क्रीज मॅदर या वजनदार धर्मगुरूने छायेच्या साक्षीवर कुणाचा जीव घेऊ नये असे बजावले. चेटूक असते यावर मॅदरचा विश्वास होता. म्हणजे पुरावा कच्चा आहे हे ओळखायला आधुनिक असावे लागत नव्हते. त्याच महिन्यात फिप्सने न्यायालय गुंडाळले. जानेवारी 1693 मध्ये नव्या न्यायालयाने छायेची साक्ष बाजूला ठेवली, तर बहुतेक सगळे सुटले. तिघींना दोषी ठरवले गेले. स्टोटनने त्यांच्या फाशीची फर्माने काढली आणि फिप्सने ती रोखली.

पुढे पश्चात्तापाची काही खरी उदाहरणे दिसतात. 14 जानेवारी 1697 हा प्रांताने उपवासाचा दिवस पाळला. त्या दिवशी सॅम्युएल स्यूअल हा न्यायाधीश बॉस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि पाद्रीने त्याचा कबुलीनामा वाचून दाखवला. दोष आणि लाज त्याने स्वतःकडे घेतली. बारा ज्युरींनीही सही करून क्षमा मागितली. मुख्य न्यायाधीश स्टोटनने मात्र मरेपर्यंत चूक मान्य केली नाही. 1701 साली तो वारला तेव्हा प्रांताचा कारभार त्याच्याच हाती होता, आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाला त्याचे नाव दिले गेले. स्यूअलबद्दल मला आदर वाटतो, पण त्याने केली ती व्यक्तीची कबुली होती. राज्याची कबुली कशी असते ते 1711 च्या कायद्यात पाहायला मिळते.

17 ऑक्टोबर 1711 च्या त्या कायद्याने 22 जणांची शिक्षा मुळापासून रद्द केली. त्यांत ॲबिगेल फॉकनर होती, रिबेका नर्स होती, जॉन प्रॉक्टर होता. पण या अन्यायाचे कारण म्हणून कायद्यात दुष्ट आत्म्यांचा त्या काळी वाढलेला प्रभाव सांगितला आहे. जोडीला एक कलम आहे: शेरीफ, कॉन्स्टेबल, तुरुंगाधिकारी यांनी तेव्हा जे कायदेशीरपणे केले त्याबद्दल कुणावरही खटला भरता येणार नाही. ज्या भुताखेतांच्या नावाने निरपराध माणसे मारली, त्यांच्याच डोक्यावर ती मारल्याचा दोषही ठेवला. एका कागदाने मेलेले निर्दोष झाले आणि मारणारेही.

त्या वर्षाअखेरीस 578 पौंड 12 शिलिंग नुकसानभरपाई मंजूर झाली. तिची वाटणी मला कायद्याच्या मजकुराहून बोलकी वाटते. प्रॉक्टरच्या कुटुंबाला 150 पौंड मिळाले, रिबेका नर्सच्या वारसांना 25. स्वतः चेटूक कबूल करून इतरांवर बोट दाखवणाऱ्या ॲबिगेल हॉब्जला 10 पौंड मिळाले. सेरा गुडला फाशी झाली, तिचे तान्हे मूल तुरुंगात दगावले, चारपाच वर्षांची मुलगी कित्येक महिने बेड्यांत राहिली. सेराबद्दलचे 30 पौंड तिच्या नवऱ्याला मिळाले, आणि चौकशीत बायकोविरुद्ध बोलणाऱ्यांत तो स्वतः होता. कुणाला किती मिळाले हे दुःखावर फारसे ठरलेले नाही. कुणाची मालमत्ता किती गेली आणि कुणी अर्ज केला, यावर ते ठरले. अर्ज आल्याखेरीज सरकार कुणाचे नाव काढत नव्हते, आणि गरीब, एकट्या, माणसे तुटलेल्या बाईसाठी अर्ज कोण करणार? ब्रिजेट बिशप, सुझॅना मार्टिन, ॲलिस पार्कर, ॲन प्युडिएटर, विल्मट रेड, मार्गारेट स्कॉट या फाशी गेलेल्या सहा बायकांची नावे यादीत आलीच नाहीत.

सातवे नाव एलिझाबेथ जॉन्सनचे. जानेवारी 1693 मध्ये दोषी ठरलेल्या तिघींपैकी ती एक, तेव्हा बाविशीतली. तिचे आजोबा पाद्री फ्रान्सिस डेन यांनी ती बुद्धीने साधी असल्याचे लिहिले आहे. ॲबिगेल फॉकनर तिची सख्खी मावशी. मावशीचे नाव यादीत आले, भाचीचे राहिले. 1712 मध्ये तिने स्वतः अर्ज केला, माझे नाव घाला म्हणून. तो तसाच पडून राहिला. तिने लग्न केले नाही, तिला मूलबाळ नव्हते, आणि 1747 साली ती दप्तरातली गुन्हेगार म्हणूनच वारली.

1712 च्या त्या अर्जानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे विधिमंडळ गप्प राहिले. 1957 साली ठराव झाला त्यात नाव एकच, ॲन प्युडिएटर, आणि पुढे ‘इतर काही व्यक्ती’. खटले तेव्हाच्या कायद्याने वैध असले तरी धक्कादायक होते आणि वंशजांना लाज वाटण्याचे कारण नाही, असे त्यात म्हटले, आणि यातून कुणालाही नवा हक्क मिळणार नाही, दावा लावता येणार नाही, हेही बजावून ठेवले. 1711 ने अधिकाऱ्यांना झाकले, 1957 ने तिजोरीला. 31 ऑक्टोबर 2001 रोजी हंगामी गव्हर्नर जेन स्विफ्ट यांच्या सहीने उरलेल्या पाच बायकांची नावे कायद्यात आली. एलिझाबेथ जॉन्सन तेव्हाही राहिली, कारण तिच्यासाठी धडपडणारे वंशजच नव्हते. शेवटी नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी शिक्षिकेसोबत तिची कागदपत्रे शोधली, सिनेटर डायना डिझोग्लिओ यांनी विषय लावून धरला, आणि 2022 च्या जुलैमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाला जोडलेल्या एका तरतुदीने ती निर्दोष ठरली. तिला मूल नव्हते, म्हणून परक्यांच्या मुलांनी तो अर्ज केला.

मेलेल्या माणसाला याचा काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. एलिझाबेथला काहीच मिळाले नाही, हे मान्य करायला हवे. पण शिक्षा हा राज्याचा चालू दस्तऐवज असतो. तो रद्द होईपर्यंत राज्य रोज तेच म्हणत असते, ही बाई चेटकीण होती. ते म्हणणे थांबवणे हे जिवंतांचे काम आहे, आणि शिक्षा नावाने झाली असेल तर ती नावानेच मागे घ्यायला हवी. ‘इतर काही व्यक्ती’ म्हणून कुणाला फासावर चढवलेले नाही. स्कॉटलंडमध्ये 1563 च्या चेटूक कायद्याखाली हजारोंवर आरोप झाले. 8 मार्च 2022 रोजी फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी सगळ्यांची मिळून माफी मागितली. इतक्या मोठ्या संख्येपुढे सामूहिक माफी समजू शकते. तरी ती माफीच, शिक्षा रद्द झाल्या नाहीत. कनेक्टिकटने मे 2023 मध्ये दोषी ठरलेल्या 12 जणांना नावानिशी दोषमुक्त केले. त्यांत 1647 साली फाशी गेलेली ॲल्स यंग होती. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

मग स्टोटनसारख्यांना आता दोषी ठरवायचे काय, असे कुणी विचारील. मेलेल्या न्यायाधीशावर खटला कुणी मागत नाही. मागणे एवढेच की दोषमुक्तीच्या कागदावर कर्त्याचे नावही असावे: अमुक न्यायालयाने, अमुक न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली, स्वतःच्या सहकाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी सावध केल्यावरही हे केले. स्यूअलने 1697 साली हे स्वतःबद्दल मान्य केले होते, म्हणजे ते अशक्य नव्हते. 1711 पासून 2022 पर्यंतच्या सगळ्या कायद्या-ठरावांचा विषय सेलमच्या खटल्यांपुरताच राहिला आहे. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये सेलमच्या आधी 1648 साली मार्गारेट जोन्स, 1656 साली ॲन हिबिन्स आणि 1688 साली ग्लोव्हर नावाची आयरिश बाई चेटकीण म्हणून बॉस्टनमध्ये फासावर गेली. सेलमसाठी केलेल्या एकाही कायद्यात या तिघींची नावे नाहीत.