टागोरांसाठी वाढलेली दहा वर्षं

कायद्याची कलमं वाचताना झोप येते, पण कॉपीराइटच्या एका कलमामागची गोष्ट भन्नाट आहे. १९५७ च्या आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क टिकायचा. रवींद्रनाथ टागोर गेले ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे १९९१ संपताच त्यांचं साहित्य सगळ्यांना खुलं! हक्क होते विश्वभारतीकडे. आता कुणीही कशाही आवृत्त्या काढेल, अशी धास्ती पसरली आणि ऐन डिसेंबरअखेर सरकारने वटहुकूम काढून ५० चे ६० केले. (आपल्याला कधी मिळते का हो अशी डेडलाइन वाढवून?) १९९२ मध्ये रीतसर दुरुस्तीही झाली.

गंमत म्हणजे दुरुस्तीत टागोरांचं नाव नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यांनाच लागू झाली. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. 'श्यामची आई' २००१ ऐवजी २०११ मध्ये खुली झाली. मला तर हे चुकलंच वाटतं. मुदत वाढली म्हणून गेलेला लेखक थोडाच नवीन लिहिणार? ताटकळला तो वाचक.

टागोर शेवटी २००२ मध्ये खुले झाले. आणि गांधीजींचे हक्क सांभाळणाऱ्या नवजीवन ट्रस्टने २००९ उजाडताना मुदतवाढ मागितलीच नाही.