न्यायासन आणि महसुली सत्ता

भिवंडी तालुक्यातील खारबाव हे मुंबई इलाख्यातील गाव. या इलाख्यात सारा वसूल करणारा मामलेदारच दंडाधिकारी म्हणून फौजदारी खटलेही चालवी. ज्याच्या अंमलाविरुद्ध दाद मागावयाची, तोच न्यायासनावर! गावकुसाबाहेरील माणसाने जावे कोठे?

नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग करण्याचे कलम संविधान सभेत मांडले. तेच आजचे अनुच्छेद ५० होय. त्यातील तीन वर्षांची मुदत त्यांनीच पुढे वगळली. तरीही मुंबई राज्याने १९५१ सालीच तसा कायदा केला.

आजही तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात. मात्र गुन्ह्याची शिक्षा न्यायालयच सुनावते. कायद्याचे राज्य या भेदावरच उभे आहे, असे आम्ही मानतो.