स्टड, चार्ल्स टॉमस

(२ डिसेंबर १८६०–१६ जुलै १९३१). इंग्लंडचे अष्टपैलू क्रिकेटपटू व ख्रिस्ती मिशनरी. जन्म नॉर्थॅम्प्टनशरमधील स्प्रॅटन येथे. वडील एडवर्ड स्टड यांनी बिहारातील तिरहुत भागात निळीच्या मळ्यांवर मोठी संपत्ती मिळवली होती. शिक्षण ईटन व केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात. जॉर्ज, चार्ल्स व किनॅस्टन हे तिघे भाऊ १८८२ ते १८८४ या काळात ओळीने केंब्रिज विद्यापीठाचे कर्णधार झाले.

१८८२ चा हंगाम त्यांच्या खेळाचा कळस होय. पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्यांनी केंब्रिजकडून ११८ व एमसीसीकडून ११४ धावा काढल्या. त्याच हंगामात हजार धावा व शंभर बळी असा दुहेरी पराक्रम त्यांनी साधला. पूर्वी तो एकट्या डब्ल्यू. जी. ग्रेस यांना जमला होता. पुढच्या वर्षी स्टड यांनी त्याची पुनरावृत्ती केली. ऑगस्ट १८८२ मध्ये ओव्हलच्या कसोटीत इंग्लंडला विजयासाठी ८५ धावा हव्या होत्या. कर्णधार हॉर्न्बी यांनी स्टडना थेट दहाव्या क्रमांकावर पाठवले. एकही चेंडू खेळायला न मिळता ते नाबाद राहिले आणि इंग्लंड ७ धावांनी हरले. या निर्णयाची कारणे निरनिराळी सांगितली जातात. ऐन भरातला फलंदाज मागे ठेवणे ही चूकच होती. या पराभवातूनच इंग्लंड–ऑस्ट्रेलिया कसोटींतील ‘ॲशेस’ची परंपरा सुरू झाली. आयव्हो ब्लाय यांच्या संघातून ते ऑस्ट्रेलियाला गेले. ॲशेसच्या कलशावरील कवितेत स्टड बंधूंचा उल्लेख आहे. एकूण कसोट्या ५. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ४,३९१ धावा व ४४४ बळी.

भाऊ जॉर्ज यांच्या गंभीर आजारपणात त्यांचे मन खेळावरून उडाले. फेब्रुवारी १८८५ मध्ये ‘केंब्रिज सेव्हन’ या सात तरुणांच्या गटातून ते मिशनकार्यासाठी चीनला गेले. वारशाने आलेले सुमारे २९,००० पौंड त्यांनी धर्मकार्याला व गरिबांसाठी वाटून टाकले. हा त्याग मोठा खराच. पण त्या पैशामागे तिरहुतच्या रयतेचे कष्ट होते, याचीही नोंद येथे करणे आवश्यक वाटते. १८८८ मध्ये प्रिसिला स्टुअर्ट यांच्याशी विवाह, चार मुली.

१९०० ते १९०६ ते निलगिरीतील उटकमंड येथे युनियन चर्चचे पाळक होते. अँग्लिकन धर्मगुरूची दीक्षा त्यांनी घेतलेली नव्हती.

१९१३ पासून बेल्जियन काँगोत कार्य. अखेरच्या वर्षांत मिशनच्या मायदेशातील समितीशी मतभेद झाले. निधन इबांबी येथे.

जावई नॉर्मन ग्रब यांनी लिहिलेले चरित्र १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भर मिशनकार्यावर आहे. क्रिकेटपटू म्हणून मात्र स्टड यांची योग्यता त्यांच्या पिढीत ग्रेस यांच्या खालोखाल मानावी लागते.