एका डॉलरचा देवमासा

1955 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत एका मच्छीमाराने नवाच धंदा काढला. माणशी एक डॉलर घ्यायचा आणि होडीतून देवमासे दाखवून आणायचे. पाच वर्षांपूर्वी तिथल्याच कॅब्रियो टेकडीवरून देवमासे बघायची सोय झाली होती. पहिल्याच हंगामात दहा हजार लोक चढून आले!

हे करडे देवमासे उन्हाळाभर आर्क्टिककडे पोटभर खातात आणि हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उथळ खाड्यांमध्ये विणीसाठी येतात. एका बाजूचा प्रवास जवळपास 8,000 किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीच्या अडीच पट. आणि तोही किनाऱ्याकिनाऱ्याने. त्यामुळे टेकडीवरून दिसतात.

शिकाऱ्यांनाही ते असेच सहज सापडले. 1857 च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन नावाचा कप्तान ओहो दे लिएब्रे खाडीत शिरला. तेलासाठी पिल्लांजवळच्या माद्या मारल्या गेल्या. पिल्लासाठी चवताळलेली आई होडी फोडायची, म्हणून शिकाऱ्यांनी नाव ठेवलं ‘सैतान मासा’. काही दशकांत खाड्या ओस पडल्या. 1946 च्या आंतरराष्ट्रीय कराराने व्यापारी शिकार बंद झाली.

पण भीती उरलीच. शेजारच्या सॅन इग्नासिओ खाडीतले मच्छीमार देवमासा दिसला की लांब राहायचे. 1972 साली पाचिको मायोराल यांच्या होडीला एक देवमासा येऊन लगटला. घाबरत घाबरत त्यांनी हात लावला. त्याने काही केलं नाही! पुढे हेच बघायला जगभरातून माणसं येऊ लागली आणि गावाला हिवाळ्याचा रोजगार मिळाला.

म्हणूनच मेक्सिको सरकार आणि मित्सुबिशी यांच्या भागीदारीतल्या कंपनीने त्याच खाडीवर प्रचंड मिठागर काढायचं ठरवलं, तेव्हा आवाज उठला. 2000 साली अध्यक्ष सेदिलो यांनी प्रकल्प रद्द केला.

गोष्ट इथेच गोड संपली असती. पण 2016 साली 27,000 च्या आसपास असलेले हे देवमासे 2025 च्या मोजणीत 13,000 वर आलेत. आर्क्टिकचं बर्फ आटतंय, त्यांचं खाणं कमी होतंय, अनेक जण उपाशी किनाऱ्याला लागतायत. भाला थांबवायला करार पुरला, मिठागर थांबवायला लोकांचा आवाज पुरला. तापणारा समुद्र एका खाडीच्या गावाने कसा थांबवायचा? तो आपण सगळ्यांनी मिळून तापवलाय.