माफ करणं म्हणजे न्याय सोडून देणं का? कॅथलिक परंपरा काय सांगते?

बीड जिल्हा गेली काही वर्षं हिंसाचाराच्या बातम्यांमुळे चर्चेत आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षण आंदोलनादरम्यान बीड आणि माजलगावात राजकीय नेत्यांची घरं पेटवण्यात आली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या झाली. ३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातील अर्धा मसला गावात मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवण्यात आला.

अशा वातावरणात कुणी 'शांतता' आणि 'क्षमा' हे शब्द उच्चारले, की लगेच प्रश्न येतो: मग गुन्हेगाराला सोडून द्यायचं का? या प्रश्नाचं उत्तर कॅथलिक परंपरेत कसं दिलं जातं, ते समजून घेऊ.

बीडशी याचा संबंध काय?

बीड जिल्हा कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. तो मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, मराठीतूनच प्रार्थना करतो.

मिस्सेतल्या दोन गोष्टी या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली, येशूने शिकवलेली प्रार्थना. तिच्यात स्वतःसाठी देवाकडे क्षमा मागताना आपणही इतरांना क्षमा करतो, असं म्हणावं लागतं. दुसरी, शांतीचं अभिवादन. भारतात अनेक चर्चमध्ये लोक शेजारच्याकडे वळून हात जोडतात आणि मग ख्रिस्तप्रसाद घ्यायला जातात.

क्षमा केली की हिशेब मिटतो का?

नाही. कॅथलिकांच्या पापनिवेदनाच्या संस्कारात चार टप्पे असतात: मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूसमोर कबुली, पापमुक्ती आणि प्रायश्चित्त. शेवटचा टप्पा महत्त्वाचा आहे. चर्चच्या शिकवणीनुसार पापमुक्ती मिळाली, तरी झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, बदनामी केली असेल तर त्या माणसाचं नाव पुन्हा स्वच्छ करावं लागतं.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी २००२ च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात हाच धागा पकडला. अमेरिकेवरील ९/११ च्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच हा संदेश आला होता. न्यायाशिवाय शांतता नाही आणि क्षमेशिवाय न्याय पूर्ण होत नाही, असं त्याचं सूत्र होतं.

हे ते स्वतः जगले होते. १३ मे १९८१ रोजी व्हॅटिकनमध्ये मेहमेत अली आगजा याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपनी काही दिवसांतच त्याला माफ केल्याचं जाहीर केलं आणि १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तरीही आगजा इटलीच्या तुरुंगातच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली.

भारतातलं उदाहरण कोणतं?

केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात आदिवासी आणि भूमिहीन शेतमजुरांमध्ये काम करत. मजूर सावकारी पाशातून सुटू लागल्यानं तिथल्या बड्या लोकांचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग याने त्यांना भोसकून ठार केलं. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारिया यांच्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठीही पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आलं, तेव्हा तोही तिथे हजर होता.

इथे क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी खटला, शिक्षा आणि तुरुंग. कुटुंबाची क्षमा या सगळ्याच्या जागी आली नाही, ती त्याच्या पुढची पायरी होती.

मग अन्यायाविरुद्ध बोलायचं की नाही?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं आयुष्य हे याचं मराठी उत्तर आहे. 'सुबोध बायबल'चे लेखक असलेले हे धर्मगुरू 'हरित वसई'च्या लढ्यात जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध आणि गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले. बीडला लागून असलेल्या उस्मानाबादेत जानेवारी २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. तरी ते व्यासपीठावर आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

पीडितांवर क्षमेची सक्ती करता येते का?

चर्चची शिकवण इथे सावध आहे. झालेली जखम न जाणवणं किंवा ती विसरून जाणं माणसाच्या हातात नसतं, हे ती मान्य करते. सूडाची इच्छा सोडून देणं हा क्षमेचा गाभा आहे आणि त्याला वर्षं लागू शकतात. सिस्टर सेल्मी यांची राखी हत्येनंतर सात वर्षांनी बांधली गेली.

त्यामुळे गावच्या पुढाऱ्यांनी, पोलिसांनी किंवा शेजाऱ्यांनी एखाद्या कुटुंबाला 'आता मिटवून टाका' असं सांगणं, ही या अर्थाने क्षमा नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसलं त्याचा असतो. इतरांच्या वाट्याला येतं ते साक्ष देण्याचं, तपास पूर्ण करण्याचं आणि खटला वेळेत चालवण्याचं काम.