संगणकीय प्रशिक्षक-प्रतिनिधी

विखुरलेल्या संघाला समाईक आभासी परिस्थितीत सराव देणारी, स्वतः निर्णय घेणारी आज्ञावली. पूर्वपीठिका अमेरिकी लष्कराच्या ‘सिमनेट’मध्ये (१९८० चे दशक) : दूरदूरचे रणगाडा-सिम्युलेटर एका जाळ्यात जोडलेले. १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जेफ रिकेल व लुईस जॉन्सन यांनी ‘स्टीव्ह’ हा असा प्रशिक्षक-प्रतिनिधी घडविला. नौदलाच्या जहाजावरील कॉम्प्रेसरच्या आभासी प्रतिकृतीची तेलपट्टी ओढून तो तेलाची पातळी कशी पाहावी हे दाखवी, शिकाऊची नजर कुठे आहे हे टिपी. गैरहजर सहकाऱ्याची जागाही घेई, आणि खरे महत्त्व यातच. अशा प्रशिक्षकाला शिकणाऱ्यांची भाषाही कळावी लागते; उदा., छिंदवाड्यातून २०२३ मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात त्याला हिंदीबरोबर तिथली नागपुरी वळणाची मराठीही समजायलाच हवी. (पहा : आभासी वास्तव, कृत्रिम बुद्धिमत्ता, दूरशिक्षण).